बरं न झालेल्या माणसांना विचारा

जाऊबाईंनी पुतण्याच्या फिटच्या गोळ्या बंद केल्या, तेव्हा मी त्याच स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. त्यांनी गोळ्यांची पट्टी फडताळातून काढली, कागदात गुंडाळली आणि कचऱ्याच्या बादलीत टाकली. मी बघितलं आणि बोलले नाही.

मी तेहतीस वर्षं मिरजेत सिस्टर म्हणून नोकरी केली. फिटचं औषध एकाएकी तोडलं तर काय होतं, हे शिकाऊ मुलींना वॉर्डात उभं करून मीच समजावत असे. तरी गप्प बसले, कारण आदल्या रात्री आजार बरे होण्यासाठी भरलेल्या प्रार्थनासभेत जाऊबाईंसोबत मीही हात वर करून उभी होते, माझ्याही डोळ्यांना धार लागली होती. आता बोलले तर माझाच विश्वास अपुरा ठरेल, अशी भीती वाटली. ही गोष्ट मला अजून टोचते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, खऱ्या-खोट्या शिक्षकांची चर्चा निघते तेव्हा आपण फसवणाऱ्याबद्दलच बोलतो. जाणती माणसं गप्प का बसतात, याबद्दल फारसं बोलत नाही.

सभा सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर होती, तीन दिवस. प्रवचन देणारे सेवक बाहेरून आलेले. त्यांचं नाव मी इथे घेत नाही. वाणी गोड, शास्त्र तोंडपाठ, गाणी अशी की अंगावर काटा यावा. आत शिरताना स्वयंसेवक मुली एक फॉर्म भरून घेत होत्या: नाव, गाव, प्रार्थनेचा विषय, आजार कधीपासून. जाऊबाईंनी भरला. तिसऱ्या रात्री त्या सेवकांनी डोळे मिटले, थोडा वेळ शांत राहिले आणि म्हणाले, "इथे एक आई आहे. तिच्या लेकराला झटके येतात. सहा वर्षांचा होता तेव्हापासून." जाऊबाई मटकन खाली बसल्या. फॉर्मची आठवण त्यांनाही झाली नाही आणि मलाही. मग पाकिटं फिरली. 'विश्वासाचं बी पेरा' असं त्यावर छापलेलं. जाऊबाईंनी हातातली पाटली काढून पाकिटात घातली. त्यांच्या आईची होती ती.

स्टेजवरून कुणीही 'गोळ्या बंद करा' असं म्हटलं नव्हतं, हेही मला सांगितलंच पाहिजे. "विश्वास अर्धा ठेवू नका," एवढंच ते म्हणाले. बाहेर पडताना एका स्वयंसेवक बाईंनी जाऊबाईंचा हात धरून सांगितलं, "देवानं बरं केलंय म्हणता आणि गोळीही देता, मग देवाला काय वाटेल?"

एकोणीस दिवस पोरगा ठणठणीत होता. विसाव्या दिवशी पहाटे फिट आली ती थांबेचना. एक ओसरते तोवर दुसरी. रिक्षात मी त्याला कुशीवर धरून बसले होते, जीभ चावली गेली होती, माझ्या पदरावर रक्ताची लाळ. दवाखान्यात शिरेतून औषध गेल्यावर अर्ध्या तासानं अंग सैल पडलं. त्याच सकाळी कॉरिडॉरच्या बाकावर बसून जाऊबाईंनी त्या सेवकांच्या सेवाकार्याच्या, म्हणजे संस्थेच्या, प्रार्थना-नंबरवर फोन लावला, स्पीकर सुरू होता. पलीकडून शांत आवाजात उत्तर आलं, "ताई, विश्वासात कुठं फट राहिली का बघा. आणि बी किती पेरलं होतं?"

माझा सगळा शोध त्या वाक्यापासून सुरू झाला.

मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले ती रागानं. त्यांनी येत्या रविवारी वेदीवरून त्या माणसाला खोटा संदेष्टा, म्हणजे देवाच्या नावानं खोटं बोलणारा, म्हणून जाहीर करावं, असं माझं म्हणणं होतं. पाळकसाहेबांनी चहा मागवला, पोराची चौकशी केली आणि म्हणाले, "सिस्टर, जाहीर करणं सोपं आहे. आपल्या मंडळीतली निम्मी तरुण पोरं त्या सभांना जातात. उद्या ती म्हणतील, जुन्या मिशनच्या लोकांना मत्सर वाटला. वचन काय सांगतं? संदेशांचा धिक्कार करू नका. सर्व गोष्टींची पारख करा. दोन्ही एका दमात सांगितलंय. तर पारख करू, सगळ्यांसमोर."

कमिटीनं पाच जण नेमले. निवृत्त हेडमास्तर, मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीवर आयुष्य घालवलेले दिवाणजी, महिला मंडळाच्या सेक्रेटरी, मी, आणि पाळकसाहेबांनी हट्टानं घेतलेला पाचवा माणूस: त्या सेवकांच्या एकाही सभेला न चुकणारा एक तरुण इंजिनिअर. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही व्हेस्ट्रीत, चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत, बसायचो. पुढं चार महिने हे चाललं.

पहिल्याच गुरुवारी त्या तरुणानं आम्हाला गप्प केलं. "बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात लिहिलंय, कुणी आजारी असेल तर मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. आपल्या मंडळीत हे शेवटचं कधी झालं? माझी आजी आठ महिने अंथरुणाला होती. प्रभुभोजन द्यायला एकदा कुणीतरी आलं. ते लोक दर आठवड्याला येत होते." हेडमास्तरांनी मान खाली घातली. माणसं तिकडं का जातात, हे त्या पाच मिनिटांत कळलं. ही भूक खरी आहे आणि ती आम्हीच ठेवली आहे, हे इतिवृत्तात पहिल्या ओळीला लिहायचं ठरलं.

हेडमास्तरांनी दुसरा खडा टाकला तो साताऱ्याचा. "वादग्रस्त म्हणजे खोटा, असं धरून बसू नका. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसवायचं म्हणाले. तेव्हाच्या किती शहाण्यांना ते रुचलं असेल? आज त्यांच्या भजनांवाचून आपली एक उपासना होत नाही." तेव्हा नाराजी ही खूण धरायची नाही, हे ठरलं. मोठा आवाज, टाळ्या, अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेनं अनोळखी भाषेत बोलणं) ह्यासुद्धा नाहीत, असं त्या तरुणानं पुढं जोडलं, आणि मला मनातून नको वाटत असूनही ते मान्य करावं लागलं.

मग खूण कोणती धरायची? आम्ही शास्त्र उघडलं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात मेंढरांच्या वेषातले लांडगे आहेत आणि 'फळांवरून ओळखा' हे आहे, ते सगळ्यांनाच पाठ. मला हलवलं ते बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायानं. मी तो आधी कधी नीट वाचलाच नव्हता. तिथं म्हटलंय की एखाद्यानं चिन्ह सांगितलं आणि ते घडलंसुद्धा, तरी तो दुसऱ्या देवाच्या मागं नेत असेल तर त्याचं ऐकू नका. म्हणजे चमत्कार खरा निघाला तरी प्रश्न संपत नाही! आम्ही तर 'झालं की नाही झालं' यावरच अडून होतो. मत्तयातही तेच. त्या दिवशी पुष्कळ जण म्हणतील, प्रभू, आम्ही तुझ्या नावानं संदेश दिला, भुतं काढली. आणि तो म्हणेल, मला तुमची ओळखच नव्हती.

पाळकसाहेबांनी एका गुरुवारी 'डिडाखे'बद्दल सांगितलं. पहिल्या काही पिढ्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिलेली ही नियमांची छोटी पोथी. शतकानुशतकं हरवली होती, १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला तिची जुनी प्रत सापडली. फिरत्या प्रेषितांबद्दल तिच्यात असे नियम आहेत की ऐकताना दिवाणजी सावरून बसले. पाहुणा आला तर प्रभूसारखं स्वागत करा. एक दिवस राहू द्या, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलवला नाही तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या. पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात असल्याचं सांगून 'मला पैसे द्या' म्हणाला तर ऐकू नका. पण दुसऱ्या गरजवंतासाठी मागितले तर त्याला दोष देऊ नका. दिवाणजी म्हणाले, "बघा, त्या लोकांनाही हा त्रास होताच की. आणि त्यांनी बरोबर गाठीवर बोट ठेवलं."

दिवाणजींचा स्वभाव कमी बोलायचा. एकदा तरुणानं विचारलं, इतक्या वर्षांत हळद कशी ओळखायचात? ते म्हणाले, "पॉलिश केलेलं हळकुंड सगळंच पिवळंधमक दिसतंय. सौद्यात आम्ही मोडून बघतो. आतला रंग बघायचा, मोडताना आवाज कसा येतोय ते ऐकायचं. न मोडता भाव बोलणारा गडी बुडतोय." मग वहीकडं वळून म्हणाले, "त्यांचा हिशेब मागवा. आणि त्याआधी आपला बाहेर काढा." आमचा काढला, तर वार्षिक सभेत लागोपाठ दोन वर्षं जमाखर्च वाचलाच नव्हता. घोटाळा कसलाच नव्हता, निव्वळ आळस. तो पुढच्या रविवारी वाचून फळ्यावर लावला, आणि मगच त्या सेवाकार्याला पत्र गेलं.

ऐकण्याचं काम माझ्याकडं आणि त्या तरुणाकडं होतं. आम्ही अकरा प्रवचनं पूर्ण ऐकली, प्रत्येक वचन लिहून घेतलं आणि मागचा-पुढचा अध्याय वाचला. दोघांनी मिळून वाचायचं, हा पाळकसाहेबांचा नियम. पहिली काही प्रवचनं चांगली होती. एक तर क्षमेवरचं, इतकं सुंदर की आम्ही ते दोनदा ऐकलं. बिघाड सहाव्यात दिसला. मार्काच्या दहाव्या अध्यायातलं वचन: ज्यानं माझ्यासाठी घर, भाऊ, शेत सोडलं त्याला शंभरपट मिळेल. ते सेवक 'शंभरपट' हा शब्द लोकांकडून तीनदा म्हणवून घेत आणि तिथंच थांबत. आम्ही पुस्तक उघडलं. वाक्य तिथं संपतच नाही, पुढं छळाचाही उल्लेख आहे. घरं, शेतं आणि त्यांच्यासोबत छळ. तरुणानं रेकॉर्डिंग मागं नेऊन पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. मग आधीच्या प्रवचनांतही तोच दाखला आला होता, ते शोधून काढलं. प्रत्येक वेळी तो शब्द गाळलेला. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. पुढं म्हणाला, "सिस्टर, शब्द विसरला असेल तर एकदा विसरेल."

मलाखीच्या पुस्तकाचंही तसंच. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, भांडारात आणा, हे वचन ते स्वतःच्या सेवाकार्याच्या खात्यासाठी वापरत. अनुवादात त्या दशमांशाचे हक्कदार लिहिलेत: लेवी म्हणजे मंदिराची सेवा करणारे, उपरी म्हणजे परके, अनाथ आणि विधवा. आमच्या जाऊबाईंसारख्या बायका त्या यादीत घेणाऱ्यांच्या बाजूला बसतात.

आजाराबद्दल वाचताना मात्र मला रडू आलं. प्रेषित पौलाच्या हातून एवढी माणसं बरी झाली, आणि तोच शेवटच्या पत्रात लिहितो की सोबती त्रफिमाला मी मिलेतात आजारी सोडून आलो. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. सोबत लूक, तो तर वैद्यच. त्रफिमाच्या विश्वासाला फट होती, असा एक शब्दही पौल लिहीत नाही. आणि आम्ही तर मिरजेची माणसं! मिशनरी डॉक्टर वानलेसनी १८९४ मध्ये इथं दवाखाना बांधला, तेव्हापासून या गावात येशूचं नाव आणि औषधाची बाटली एकाच हातानं दिली गेली. ते मी विसरले तरी कसं?

फॉर्मचा उलगडा झाला तो हेडमास्तरांमुळे. त्यांनी अमेरिकेतल्या पीटर पोपॉफ या रोगमुक्तीच्या सभा घेणाऱ्या प्रचारकाची हकीकत सांगितली. ते सभेत लोकांची नावं, आजार, पत्तेसुद्धा सांगायचे. १९८६ मध्ये जेम्स रँडी या जादूगारानं रेडिओ स्कॅनर लावून पकडलं की त्यांची बायको प्रार्थनेच्या कार्डांवरची माहिती कानातल्या यंत्रात वाचून दाखवते. आमच्याकडंही तसंच झालं, असं मी ठामपणे म्हणू शकत नाही, पुरावा नाही. पण जाऊबाईंना मी एवढंच विचारलं, "फॉर्मवर काय लिहिलं होतंस?" त्या बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या.

आणि शिकवण चोख असली म्हणजे झालं, असंही नाही. हे म्हणत होते ते पाळकसाहेब, आणि बोलताना त्यांचा आवाज जड झाला होता. ख्रिस्ती व्याख्याते रवी झकरायस हे आपल्या चेन्नईत जन्मलेले. त्यांची व्याख्यानं ऐकत पाळकसाहेबांची सेमिनरीची वर्षं गेली. २०२०च्या मे महिन्यात ते वारले, आणि २०२१च्या फेब्रुवारीत त्यांच्याच संस्थेनं नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला: बायकांशी लैंगिक गैरवर्तन, तेही वर्षानुवर्षं. "शिकवणीत मला आजही चूक दाखवता येणार नाही," पाळकसाहेब म्हणाले. "आधी बोलणाऱ्या बाईचं कुणी ऐकलं नाही, तिलाच खोटं ठरवलं. म्हणून मी विचारतो, या माणसाला 'नाही' म्हणणारं जवळ कोण आहे?"

याच काळात आम्ही दुसऱ्या एका माणसाचीही पारख केली. जत तालुक्यातल्या एका वाडीत घरगुती मंडळी चालवणारे एक पास्टर. दीक्षा नाही, डिग्री नाही, अन्य भाषेत मोठ्यानं प्रार्थना करतात. आमच्यातले बरेच जण त्यांनाही 'खोटा' म्हणत. मीही म्हणत असे. आम्ही न सांगता गेलो. ते गवंडीकामावरून नुकतेच आले होते, हाताला सिमेंट तसंच. हिशेब शाळेच्या वहीत, दर रविवारी दोन जणांच्या सह्या. मी त्यांना विचारलं, प्रार्थना करून कोण बरं झालं नाही? दुसरा कुणी असता तर विषय बदलला असता. ते म्हणाले, "चला, दाखवतो." दोन गल्ल्या पलीकडं लकव्यानं पडलेली म्हातारी होती. हे रोज संध्याकाळी तिला कुशीवर वळवायला येतात, असं सुनेनं सांगितलं. मी सिस्टरच्या नजरेनं म्हातारीची पाठ बघितली. तीन वर्षं अंथरुणाला आणि पाठीवर एक जखम नाही. २०१९च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा हेच पास्टर आठ पोरं घेऊन सांगलीत गाळ उपसायला आले होते, हे आम्हाला तिथं कळलं. त्यांनी सांगितलं नाही, पोरांनी सांगितलं. त्यांच्या शिकवणीत दोन-तीन गोष्टी आम्हाला पटल्या नाहीत. त्या आम्ही तोंडावर सांगितल्या, त्यांनी वहीत लिहून घेतल्या.

परत येताना एसटीत मी हेडमास्तरांना म्हटलं, इथून पुढं मी कुठल्याही सेवकाबद्दल हाच प्रश्न आधी विचारणार. बरे झालेले साक्ष द्यायला स्टेजवर येतात. बरे न झालेले कुठं जातात?

त्या मोठ्या सेवकांची भेट शेवटी मिळाली, एका हॉटेलात, वीस मिनिटं. पाळकसाहेब, दिवाणजी आणि मी. ते प्रेमानं बोलले. हिशेब कोण तपासतं, याला उत्तर होतं, 'देव'. तुम्हाला चूक कोण दाखवतं, याला उत्तर होतं, 'पवित्र आत्मा'. औषधाबद्दल ते म्हणाले, मी कधीच बंद करा म्हटलं नाही. मी म्हटलं, तर मग पुढच्या सभेत एवढंच वाक्य बोला: गोळ्या बंद करू नका. ते हसले आणि म्हणाले, "माझ्या अभिषिक्ताला, म्हणजे देवानं नेमलेल्याला, हात लावू नका, असं शास्त्र सांगतं, बहीण." पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "दाविदानं शौल राजावर हात टाकला नाही, खरं आहे. पण सगळ्या सैन्यासमोर त्याला हाक मारून त्याची चूक सांगितली. आणि दावीदही अभिषिक्तच होता, तरी नाथान संदेष्टा त्याला 'तो मनुष्य तूच' म्हणाला." तेवढ्यात वेळ संपल्याचं सांगायला कुणीतरी आलं.

पोलिसांत जावं का, यावर आमच्यात वाद झाला. अंधश्रद्धेविरुद्ध जन्मभर झटलेले डॉक्टर दाभोलकर साताऱ्याचेच; २०१३ मध्ये त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं त्यात गुन्हा आहे. मला जावंसं वाटत होतं, अजूनही वाटतं. जाऊबाईंना पोराचं नाव पुढं यायला नको होतं. त्यांच्या शब्दापुढं मी गेले नाही.

मंडळीत आम्ही अहवाल वाचला, पाळीपाळीनं. काय ऐकलं, काय विचारलं, काय उत्तर मिळालं, एवढंच. 'खोटा संदेष्टा' हा शब्द आम्ही वापरला नाही. 'या सेवाकार्यात जाऊ नये, पैसे देऊ नयेत आणि कुणाच्याही सांगण्यावरून औषध तोडू नये, असं आमचं मत आहे' असं लिहिलं. मार्काचा भाग त्या तरुणानं वाचला. गाळलेल्या शब्दापाशी तो अडखळला. दोन कुटुंबं मंडळी सोडून गेली. माझी एक जुनी मैत्रीण त्यात आहे, ती रस्त्यात भेटली तरी बोलत नाही.

मी उठून माझंही सांगितलं. मेथी, गोळ्यांची पट्टी, कचऱ्याची बादली. मागच्या बाकावरून जाऊबाईंनी विचारलं, "अक्का, तेव्हा का बोलला नाहीत हो?" सगळ्या मंडळीसमोर विचारलं. मी म्हटलं, "भ्याले गं."

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर मंडळीचे वडीलधारे आजाऱ्यांसाठी तेल लावून प्रार्थना करतात. यादी दिवाणजी ठेवतात. बरं झालेल्यांची आणि न झालेल्यांची, एकाच वहीत, आणि न झालेल्यांकडं त्या आठवड्यात कोण जाणार, त्याचं नाव समोर. पुतण्याचं नाव दर महिन्याला असतं. रात्री नऊ वाजता जाऊबाई गोळी त्याच्या तळहातावर ठेवतात, आपला हात वरून झाकतात, प्रार्थना करतात, मग पाण्याचा पेला देतात. पाटलीबद्दल आम्ही रजिस्टर्ड पत्रं दोनदा पाठवली. दोन्ही पोचपावत्या इतिवृत्ताच्या वहीत चिकटवून ठेवल्या आहेत. उत्तर आलेलं नाही.